मुखपृष्ठावरची बाई आणि पान उलटणारी बाई

चित्र पाहायचं तर पूर्वी राजवाड्यात किंवा श्रीमंताच्या दिवाणखान्यात जावं लागे. शाहू महाराजांच्या पदरी असलेल्या आबालाल रहिमान यांनी कोल्हापूरचा परिसर रंगवला. पण आमच्या गडमुडशिंगीसारख्या गावातल्या बाईला ती चित्रं कुठून दिसणार? तिच्या हाती चित्र आलं ते छापखान्यामुळे. राजा रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला आणि लक्ष्मी-सरस्वती भिंतीवर आल्या. पुढे मासिकांनी चित्र भिंतीवरून मांडीवर आणलं.

किर्लोस्करवाडी म्हणजे नांगरांच्या कारखान्याचं गाव. तिथून शं. वा. किर्लोस्करांनी १९३० साली 'स्त्री' मासिक सुरू केलं. ते स्वतः लाहोरला सातवळेकरांकडे चित्रकला शिकलेले. त्या काळी लिहिता-वाचता येणाऱ्या बायका थोड्या. स्वतःच्या हाती पैसा असलेल्या त्याहून थोड्या. वाचणार ती, पण वर्गणी बहुधा घरातला पुरुष भरणार. म्हणून अशा मासिकांतलं चित्र दोघांनाही पटावं लागे. तिला ते रंगांचं सुख देई आणि त्याला आपलं घर सुसंस्कृत असल्याचं समाधान.

१९४५ साली दीनानाथ दलालांचा 'दीपावली' आला. दलाल, रघुवीर मुळगावकर यांच्या चित्रांनी दिवाळी अंक सजू लागले. हाती निरांजन, केसांत गजरा, नजर किंचित खाली. चित्र देखणं खरंच. पण बाईने कसं दिसावं, हेही ते हळूच सांगे. अंबिका धुरंधर यांच्यासारख्या स्त्रिया जे. जे. स्कूलमध्ये शिकून चित्रकार झाल्या होत्या. तरी मुखपृष्ठावर बाई बहुतेकदा पुरुषाच्या कुंचल्यातूनच उतरे.

मात्र वाचणारी बाई सांगितलं तेवढंच घेणारी नव्हती. आमच्या घरी माणसांची चित्रं भिंतीवर लावत नसत. माझी आई अंकातल्या चित्राच्या कडेची वेलबुट्टी तेवढी कार्बन पेपरने उशीच्या अभ्र्यावर उतरवून घ्यायची आणि मनाला येईल त्या रंगाने भरायची. चित्रातली बाई पानावरच राहायची. वेल आमच्या घरात यायची.

पानं कापलेला जुना अंक संग्राहकाला नकोसा वाटतो. मला तो मोलाचा वाटतो. संपादकाने काय विकलं, हे राहिलेली पानं सांगतात. बाईला काय आवडलं, ते कात्रीने कापून नेलेली पानं सांगतात. माळ्यावरचे अंक रद्दीत घालण्यापूर्वी ती मोकळी जागा एकदा जरूर पाहावी.