लिटरमागे किती किलोमीटर? बेंगळुरूच्या बसचा हिशेब

आज एका आकड्याचा इतिहास सांगतो. तुमच्या घरात किंवा शेजारी एसटीत नोकरी केलेलं कुणी असेल, तर त्यांना ‘केएमपीएल’ म्हणजे काय ते विचारून बघा. लगेच सांगतील. एक लिटर डिझेलमध्ये बस किती किलोमीटर चालली, तो हा आकडा. आपण स्कूटरला अ‍ॅव्हरेज म्हणतो तेच. पण बसच्या डेपोत या आकड्याला फार मान असतो. चालकाचं कौतुक त्यावर, बोलणी त्यावर आणि डेपो मॅनेजरची झोपही त्यावरच.

उदाहरणाला मी बेंगळुरू घेतलंय. कोळशापासून बॅटरीपर्यंत बस चालवण्याच्या ज्या ज्या युक्त्या आपल्या देशात झाल्या, त्यातल्या बऱ्याच या एका शहराभोवती घडल्या. शिवाय त्या गोष्टीत आपलं कोकणही येतं. ते पुढे बघू.

आधी थोडं गणित. शहरातली साधी डिझेल बस लिटरला चारच्या आसपास किलोमीटर देते. दिवसाला ती २०० किलोमीटर धावली, तर ५० लिटर डिझेल लागलं. आता हा आकडा ४ चा ४.१ झाला असं समजा. एका बसमागे रोज जेमतेम सव्वा लिटर वाचलं. ‘एवढंच?’ असं वाटेल. पण बेंगळुरूच्या बीएमटीसीकडे सहा हजारांच्या वर बस आहेत. सहा हजारच धरल्या, तरी रोजचे सात हजार लिटर होतात. एक लिटर डिझेल जळलं की साधारण २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. म्हणजे रोजचा १९ टन वायू वाचला. नवं इंजिन नाही, नवी बस नाही, फक्त दशांश चिन्हानंतरचा एक आकडा.

आता मागे जाऊ. १९४० साली बंगलोर ट्रान्सपोर्ट कंपनी सुरू झाली तेव्हा तिच्याकडे ९८ बस होत्या, आणि मुहूर्त नेमका महायुद्धातला. लवकरच पेट्रोलचं रेशनिंग आलं. त्या काळात देशभर बसच्या मागे किंवा बाजूला लोखंडी पिंप बसवलेलं दिसे. त्यात लाकडी कोळसा पेटवायचा, पण हवा मोजून द्यायची. त्यामुळे कोळसा पुरता जळत नाही, कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. तो गाळून, थंड करून इंजिनाला द्यायचा. यात इंजिनाची ताकद बरीच घटायची. सकाळी बस सुरू करायची तर आधी भट्टी फुलवायला हवी, चढावर उतारूंनी उतरायला हवं आणि वेळप्रसंगी धक्काही मारायला हवा. आपल्याकडच्या घाटातल्या ‘कोळशाच्या बस’च्या गोष्टी जुन्या माणसांनी सांगितलेल्या असतील, त्या याच. इंधन वाचवणं ही तेव्हा हौस नव्हती, तेल मिळतच नव्हतं.

१९५६ मध्ये सरकारनं ती कंपनी ताब्यात घेतली आणि ‘बंगलोर ट्रान्सपोर्ट सर्व्हिस’ झाली. शिवाजीराव गायकवाड नावाचा मराठी घरातला तरुण कंडक्टर होता, तो याच सेवेत. पुढे तो रजनीकांत झाला. असो. १९६१ मध्ये राज्याचं महामंडळ आलं आणि १५ ऑगस्ट १९९७ ला शहराचा कारभार वेगळा होऊन आजची बीएमटीसी जन्मली.

मधल्या काळातली मोठी घटना म्हणजे १९७३ चा तेलाचा धक्का. अरब देशांनी तेल रोखलं, भाव काही महिन्यांत चौपट झाले. १९७९ मध्ये इराणच्या क्रांतीनं दुसरा धक्का दिला. या दोन्हींच्या दरम्यान, १९७८ मध्ये, भारतात ‘पीसीआरए’ ही इंधन बचतीची संस्था उभी राहिली. ताशी ४५ ते ५५ च्या वेगानं गाडी चालवा, सिग्नलला इंजिन बंद करा, या सूचना पेट्रोलपंपावरच्या पाट्यांवर तुम्ही वाचल्या असतील. बसच्या जगात या विचारानं केएमपीएलला राजपद दिलं. बसगणिक डिझेल मोजून भरायचं, लॉगशीटवर किलोमीटर लिहायचे, महिनाअखेर भागाकार करायचा आणि डेपो-डेपोत तुलना लावायची.

भागाकार कमी आला की मेकॅनिक बस खाली घेतो. तो काय बघतो? टायरमधली हवा. एअर फिल्टर तुंबलाय का. ब्रेक चाकाला चिकटून राहतोय का, म्हणजे बस स्वतःलाच मागे ओढतेय का. डिझेल पंपाचं कॅलिब्रेशन, नोझलमधून तेल फवाऱ्यासारखं येतंय की थेंबांनी. नोझल बिघडलं की तेल अर्धवट जळतं, मागून काळा धूर येतो. तो काळा धूर म्हणजे वाया गेलेलं डिझेलच. धूर आणि खर्च हे दोन वेगळे प्रश्न नाहीत, हे डेपोतल्या मिस्त्रीला पर्यावरणाची भाषा येण्याआधीपासून ठाऊक होतं.

बस ठीक असेल तर मग चालकाचा पाय. क्लचवर पाय ठेवून चालवणं, स्टॉप समोर दिसत असताना वेग वाढवून जोरात ब्रेक मारणं, चुकीच्या गियरमध्ये इंजिन ओढायला लावणं. एकाच मार्गावर, एकाच बसवर दोन चालकांच्या आकड्यांत ठळक फरक पडतो. पुढचा सिग्नल लांबून वाचून ॲक्सिलरेटर सोडून देणारा चालक जे वाचवतो, ते कोणत्याही यंत्रानं सहज वाचत नाही. मला तरी हे कसब गायकीच्या जवळचं वाटतं.

पण या आकड्यात एक खोट आहे. प्रत्येक स्टॉपला थांबणाऱ्या, गच्च भरलेल्या बसचा केएमपीएल पडतो. स्टॉप टाळून पुढे जाणाऱ्या अर्ध्या रिकाम्या बसचा वाढतो. फळ्यावर दुसरा चालक पहिला येईल! बस आहे माणसांसाठी, आणि आकडा मोजतो किलोमीटर. लिटरमागे किती माणसं किती लांब गेली, हे मोजायला हवं. ते मोजणं अवघड, म्हणून सोपं तेच मोजलं गेलं.

आता हवेकडे वळू. १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दिल्लीतल्या सगळ्या बस सीएनजीवर आणायचा आदेश दिला. मग बेंगळुरूनं तेच का केलं नाही? कारण साधं आहे: गॅसची पाइपलाइनच नव्हती. आणि इथे आपलं कोकण येतं.

रत्नागिरी जिल्ह्यातलं दाभोळ आपल्याला माहीत आहे ते एन्रॉनमुळे. वीज प्रकल्पाचा पहिला टप्पा १९९९ मध्ये नाफ्थ्यावर सुरू झाला, २००१ मध्ये बंद पडला, कंपनी बुडाली, आणि जहाजानं येणारा द्रवरूप वायू उतरवायचं तिथलं टर्मिनल अर्धवट राहिलं. २००५ मध्ये सरकारी कंपन्यांनी प्रकल्प हातात घेतला. ते टर्मिनल कामाला लागलं ते थेट २०१३ मध्ये, आणि त्याच वर्षी गेलची दाभोळ ते बेंगळुरू अशी सुमारे हजार किलोमीटरची पाइपलाइन वाहू लागली. सह्याद्री चढून, बेळगाव-धारवाडकडून, दावणगेरे, चित्रदुर्ग, तुमकूर करत. म्हणजे दिल्लीच्या आदेशानंतर पंधरा वर्षांनी. त्यातही लाटा अडवणारी भिंत पुरी झालेली नसल्यानं दाभोळचं बंदर पावसाळ्यात जहाज घेत नसे. मृग लागला की टर्मिनलला सुट्टी. एन्रॉनच्या वादावर आपल्याकडे ढीगभर लिहिलं गेलं. पण गुहागरच्या किनाऱ्यावर रखडलेल्या त्या कामाचा संबंध बेंगळुरूच्या रस्त्यावरच्या हवेशीही होता, हे फारसं कुणी जोडून पाहिलं नाही.

तोवर शहर डिझेलवरच सुधारत गेलं. भारत स्टेजचे टप्पे आले, २०१० मध्ये बेंगळुरूसह तेरा शहरांत बीएस-चार लागू झालं, २०२० मध्ये देशभर बीएस-सहा. डिझेलमध्ये काही मिसळून बघायचे प्रयोगही इथे जुने आहेत. १९५० च्या दशकात भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक हावेमान आणि त्यांचे सहकारी डिझेल इंजिनाला अल्कोहोल पाजून बघत होते. पुढे केएसआरटीसीनं इथेनॉल मिसळलेल्या डिझेलवर बस चालवल्या, बायोडिझेलही वापरलं. करंजाच्या तेलावर विज्ञान संस्थेतल्या उडुपी श्रीनिवास यांनी खेड्यांतली जनित्रं चालवून दाखवली. करंजाला कन्नडमध्ये होंगे म्हणतात आणि बेंगळुरूच्या रस्त्यांवर ती झाडं भरपूर आहेत. पण हजारो बसना रोज लागेल एवढं बी गोळा कोण करणार? प्रयोगशाळेत उत्तर मिळालं, बाजारात मिळालं नाही.

२००६ मध्ये बीएमटीसीनं वातानुकूलित व्होल्वो शहरात उतरवल्या, ‘वज्र’ नावानं. शहर बससेवेत व्होल्वो आणणारं हे देशातलं पहिलं शहर. ही बस लिटरला दोनच्या आसपास किलोमीटर देते, म्हणजे साध्या बसच्या निम्मंच. केएमपीएलच्या फळ्यावर ती नापास. पण व्हाइटफिल्डला एकेकटा गाडीतून जाणारा माणूस त्या बसमध्ये बसला तर? चाळीस गाड्या घरी राहिल्या आणि एक व्होल्वो धावली, तर शहराचं डिझेल-पेट्रोल वाचलंच. फक्त ते डेपोच्या वहीत दिसत नाही. २०१० पासून दर महिन्याच्या ४ तारखेला ‘बस डे’ पाळायची टूम निघाली, ती याच विचारातून.

जानेवारी २०१३ चा किस्सा सांगायलाच हवा. केंद्र सरकारनं घाऊक ग्राहकांना डिझेलवरची सवलत बंद केली आणि त्यांचा दर एका रात्रीत लिटरला दहा-अकरा रुपयांनी वाढला. सगळ्यात मोठे घाऊक ग्राहक कोण? रेल्वे आणि एसटी महामंडळं. तुमची-माझी मोटार पंपावर स्वस्त डिझेल घेणार आणि पन्नास माणसांची बस महाग! मग अनेक राज्यांच्या महामंडळांनी आपल्या बस साध्या पेट्रोलपंपांवर रांगेत उभ्या केल्या. आपल्या एसटीनंही. डेपोत स्वतःचा पंप असताना डिझेल भरायला बस बाहेर न्यायची, त्यात आणखी डिझेल जाळायचं. चालकांनी वर्षभर पाय सांभाळून जे वाचवलं, ते दिल्लीतल्या एका कागदानं धुऊन टाकलं.

२०१७ मध्ये जड वाहनांसाठी इंधन कार्यक्षमतेचे निकष आले. त्यात बसची चाचणी कशी? ताशी ५० किलोमीटरच्या एकसारख्या वेगानं. सिल्क बोर्ड चौकात संध्याकाळी सहा वाजता उभ्या असलेल्या चालकाला हे सांगून बघा, तो हसेल तरी किंवा रडेल तरी. तिथे इंजिन चालू, चाकं थांबलेली, केएमपीएल शून्य. म्हणून मला वाटतं, बेंगळुरूत डिझेल वाचवण्याचा सगळ्यात शहाणा प्रयोग इंजिनाचा नव्हताच. ऑक्टोबर २०१९ मध्ये सिल्क बोर्ड ते टिन फॅक्टरी या बाह्य वळण रस्त्यावर बससाठी वेगळी मार्गिका आखली गेली. बसला मोकळा रस्ता, बस्स. थोड्याच काळात मेट्रोचं काम आलं आणि ती मार्गिका गेली. खांब उभे राहिले, बस पुन्हा गाड्यांच्या गर्दीत.

आता विजेकडे. फेब्रुवारी २०१४ मध्ये बीएमटीसीनं बीवायडी या चिनी कंपनीची बस तीन महिने चालवून पाहिली. लोकांना आवडली, किंमत परवडेना. २०१८ मध्ये बस भाड्यानं घ्यायच्या की विकत, या वादात केंद्राचं अनुदान हातचं गेलं. अखेर २०२१ च्या शेवटी नव्वद छोट्या बस आल्या, मग तीनशे, मग २०२२ च्या पाच शहरांच्या एकत्रित निविदेतून टाटांच्या ९२१. मोठी ऑर्डर एकत्र दिली की भाव उतरतो. किलोमीटरमागचा दर पन्नासच्या पुढून चाळिशीच्या आसपास आला.

पण वायूचा हिशेब इथेही मांडू. मोठी विजेची बस किलोमीटरला साधारण एक युनिट खाते, वातानुकूलित असेल तर जास्त. देशातल्या सरासरी विजेच्या एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. लिटरला चार किलोमीटर देणाऱ्या साध्या डिझेल बसचा किलोमीटरमागचा वायू येतो ०.६७ किलो. जवळजवळ बरोबरी! रस्त्यावरचा धूर नक्की गेला, आणि बेंगळुरूच्या फुप्फुसांसाठी ते मोठंच आहे. आकाशातला वायू मात्र वीज कुठून येते त्यावर. शिवनसमुद्रच्या धबधब्याच्या विजेवर बेंगळुरूचे दिवे १९०५ मध्ये लागले होते, आज तुमकूर जिल्ह्यात पावगड्याला मैलोनमैल सौरपट्ट्या आहेत. पण बस मुख्यतः रात्री डेपोत चार्ज होतात, तेव्हा सूर्य नसतो. दुपारी दोन फेऱ्यांच्या मध्ये जितकं चार्जिंग होईल, तितकी ती बस खरी स्वच्छ.

आणि चालक? विजेच्या बसला ब्रेक लावताना मोटर उलट काम करते, बॅटरीत थोडी वीज परत जाते. हळुवार थांबणाऱ्याला जास्त मिळते, धसमुसळ्याला कमी. म्हणजे तो पाय आजही तितकाच मोलाचा. फरक एवढाच, की नव्या करारांत बस कंत्राटदाराची, चालक कंत्राटदाराचा, महामंडळाचा फक्त कंडक्टर आणि तिकिटाचा पैसा. महामंडळ किलोमीटरवर पैसे देतं, बस भरलेली असो वा रिकामी. जून २०२३ पासून ‘शक्ती’ योजनेत बायकांचा प्रवास मोफत झाला, बस तुडुंब वाहू लागल्या. एका लिटरमागे, एका युनिटमागे किती माणसं पोचली, हे मोजायला याहून चांगली वेळ नव्हती. आता ‘युनिटमागे किती किलोमीटर’ हा नवा आकडा आहे, तो कंत्राटदाराच्या संगणकात. फळा मात्र अजून शांतिनगरच्या डेपोत आहे, जुन्या डिझेल बसचे क्रमांक लिहिलेला, आणि त्या बस दर महिन्याला भंगारात चालल्यात.