किल्लारीचे जुने शिवार

बिऱ्हाड हलविता येते. शिवार मात्र गाडीत भरून नेता येत नाही. लातूर जिल्ह्यातील किल्लारीचा इतिहास हेच सांगतो.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी तेथे भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंतचतुर्दशी. गणपती विसर्जून दमलेले लोक गाढ झोपेत होते. उन्हाळ्यात गारवा देणाऱ्या दगडमातीच्या जाड भिंती व जड माळवदे हीच त्या घटकेस काळ ठरली. लातूर व आजच्या धाराशिव जिल्ह्यांत मिळून सुमारे ८ हजार माणसे दगावली. पुढे ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. त्यांत किल्लारीही होते.

घरे हलली, जमिनी जुन्या जागीच राहिल्या. म्हणून मृगाच्या पेरणीस पावले तिकडे वळतात. सप्टेंबरअखेर मृतांस वंदन करण्यास लोक जमतात. मार्गशीर्षातील वेळ अमावास्येस नोकरीनिमित्त पुण्यामुंबईस राहिलेले लेक व सुनाही शिवारात परततात. कडब्याची कोप उभारून पांडवांची पूजा होते. उभ्या ज्वारीशेजारी भज्जी, उंडे व आंबील यांची पंगत बसते.

भूकंपानंतर जन्मलेल्या मुलांनी जुने गाव पाहिलेले नाही. आजोबा झुडपांकडे बोट दाखवून आपला वाडा सांगतात, तेवढेच त्यांस ठाऊक. ते बोट दाखविणारी पिढी आता थकत चालली आहे. प्रत्येक घराची जागा व त्यात नांदलेल्यांची नावे वेळीच लिहून ठेवणे, हे आता नातवंडांचे कर्तव्य होय.