विमानात इंधन भरतंय, तोवर पोहून घ्या

साल 1955. तुम्ही ऑकलंडचे दंतवैद्य. बायको आणि दोन मुलांना घेऊन ताहितीला सुट्टीवर निघाला आहात. तिकिटाचा आकडा सासूबाईंपासून लपवला आहे. विमान सोलेंट: पोट होडीसारखं, पंखांवर चार इंजिनं, आत चक्क दोन मजले. चाकं मात्र नाहीत, उतरायचं ते पाण्यावरच. 'टील' कंपनी या वाटेला 'कोरल रूट' म्हणते.

फिजीतल्या सुवाला मुक्काम झाला. तिथून सामोआला जाताना तारीखरेषा ओलांडली, कॅलेंडर एक दिवस मागे सरकलं आणि धाकटीचा कालचा वाढदिवस पुन्हा उजाडला. दुसऱ्या केकचा हट्ट अजून चालूच आहे.

सामोआतल्या आपियाहून अंधारातच उड्डाण. डोळा लागतो न लागतो तोच थोरला खांदा हलवतो, "बाबा, उठा ना, पाणी बघा!" खाली गडद निळ्या समुद्रात एक फिकट हिरवा त्रिकोण, कडेने फेसाची पांढरी रेघ. कुक बेटांमधलं आयतुताकी. जुना ज्वालामुखी खचत गेला, प्रवाळाचा कडा भोवती वाढत राहिला आणि मधे हे उथळ लगून उरलं. पोट पाण्याला लागतं, खिडक्यांवर फवारा उसळतो, काही क्षण बाहेरचं काहीच दिसत नाही.

लाँच तुम्हाला लगूनमधल्या अकाइआमी बेटाच्या छोट्या धक्क्यावर सोडते. माणसांची वस्ती असलेलं मोठं बेट दूर, लगूनच्या पलीकडे. त्यावरचा सर्वांत उंच डोंगर माउंगापू, तोही जेमतेम 124 मीटर. इथे फक्त माड, वाळू आणि पाठीमागे कड्यावर आपटणाऱ्या लाटांचा आवाज. विमानात इंधन भरायला दोनेक तास लागणार. तोवर पोहा, असं सांगितलं जातं. बायको तुमच्याकडे बघते, तुम्ही बुटांकडे. मग बूट निघतात.

पाणी कमरेइतकं आणि कोमट. तळाशी वाळूवर काळ्या समुद्रकाकड्या पडलेल्या. थोरला एक उचलतो, दाबतो आणि किंचाळतो: तिने मागच्या बाजूने पांढरे दोरे सोडलेत. ते बोटांना चिकटतात, पाण्याने निघत नाहीत, वाळूने घासले तर आणखी गुंततात. स्थानिक लोक हिला रोरी म्हणतात आणि तिच्या पोटातला भाग आवडीने खातात. धाकटीला हे कळताच केकचा विषय आपोआप मिटतो.

युरोपीयांपैकी आयतुताकी पहिल्यांदा पाहिलं ते 'बाउंटी' जहाजावरच्या कप्तान ब्लायने, 11 एप्रिल 1789 रोजी. तो किनाऱ्यावर उतरलाच नाही आणि सतराव्या दिवशी जहाजावर बंड झालं. माणसांना दोन तास पोहू दिलं असतं तर बरं झालं असतं, असं आपलं मला वाटतं.

दुपारपर्यंत तुम्ही ताहितीतल्या पपीतीत. हॉटेल, फुलांच्या माळा, जाहिरातीत छापलेलं सगळं तिथे आहे. छानच आहे. पण अकाइआमी जाहिरातीत नव्हतं आणि पैसे वसूल झाले ते तिथेच.

1960 मध्ये कोरल रूटवरची ही जलविमानं बंद झाली. त्यातलं 'अरानुई' ऑकलंडच्या मोटॅट संग्रहालयात जपून ठेवलं आहे. चौथ्या मालिकेतलं जगात उरलेलं हे एकमेव सोलेंट. ऑकलंडला गेलात तर बघून या.