कार्ड नष्ट झालं, तरी त्याचा परिणाम का होतो? 'मॅजिक'मधली ट्रिगर्ड अ‍ॅबिलिटी नेमकी चालते कशी?

समोरच्या खेळाडूला त्याच्या एका कार्डामुळे लाइफ मिळणार असतं. ते होण्याआधीच तुम्ही ते कार्ड नष्ट करता. तरीही लाइफ त्याला मिळतंच! 'मॅजिक: द गॅदरिंग' नव्याने खेळणाऱ्यांमध्ये यावरून हमखास वाद होतो.

रिचर्ड गारफिल्ड यांनी तयार केलेला हा खेळ विझर्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने १९९३ मध्ये बाजारात आणला. त्यातल्या अनेक कार्डांवर 'ट्रिगर्ड अ‍ॅबिलिटी' असते. वरच्या वादाचं उत्तर तिच्या नियमांत आहे.

ती ओळखायची कशी?

कार्डावरचं वाक्य 'व्हेन', 'व्हेनेव्हर' किंवा 'अ‍ॅट' या शब्दाने सुरू होत असेल, तर ती ट्रिगर्ड अ‍ॅबिलिटी. म्हणजे ठरावीक घटना घडली किंवा ठरावीक वेळ आली की ती आपोआप सुरू होते. वाक्यात आधी किंमत, मग अपूर्णविराम आणि पुढे परिणाम असेल, तर ती अ‍ॅक्टिव्हेटेड अ‍ॅबिलिटी. ती कधी वापरायची हे खेळाडू ठरवतो.

ट्रिगर झाल्यावर काय होतं?

परिणाम लगेच होत नाही. अ‍ॅबिलिटी आधी 'स्टॅक'वर जाते. स्टॅक म्हणजे ताटांची चवड समजा: शेवटी ठेवलेलं ताट आधी उचललं जातं. अ‍ॅबिलिटीला लक्ष्य लागत असेल, तर ते स्टॅकवर ठेवतानाच निवडावं लागतं. मग दोन्ही खेळाडूंना उत्तर द्यायची संधी मिळते आणि त्यानंतर परिणाम होतो.

मधेच कार्ड नष्ट केलं तर?

'सोल वॉर्डन' हे कार्ड घ्या. दुसरं कोणतंही क्रीचर मैदानात आलं की तिच्या मालकाला १ लाइफ मिळतं. क्रीचर आलं, ट्रिगर स्टॅकवर गेला आणि तेवढ्यात तुम्ही 'लाइटनिंग बोल्ट'ने वॉर्डनला मारलं. पण ट्रिगर आता वॉर्डनवर अवलंबून नाही. बाण धनुष्यातून सुटल्यावर धनुष्य मोडून उपयोग काय? वॉर्डनला मारायचं तर क्रीचर मैदानात येण्याआधी. ट्रिगरच थांबवायचा असेल, तर 'स्टायफल'सारखं कार्ड लागतं. प्रसिद्ध 'काउंटरस्पेल' इथे चालत नाही, कारण ते फक्त स्पेल रोखतं.

दोघांचे ट्रिगर एकदम झाले तर?

ज्याची पाळी चालू आहे, तो आपले ट्रिगर आधी स्टॅकवर ठेवतो, दुसरा त्यानंतर. त्यामुळे दुसऱ्याचे ट्रिगर आधी पूर्ण होतात. स्वतःचे अनेक ट्रिगर असतील, तर त्यांचा क्रम ज्याचा तोच ठरवतो.

'जर' असेल तर दोनदा तपासणी

'फेलिडार सॉव्हरिन' म्हणतं: तुमच्या अपकीपच्या सुरुवातीला, जर तुमच्याकडे ४० किंवा जास्त लाइफ असेल, तर तुम्ही जिंकता. घटनेच्या लगेच पुढे असा 'जर' आला की अट दोनदा तपासतात: ट्रिगर होताना आणि परिणाम होताना. सुरुवातीला ३९ लाइफ असेल, तर ट्रिगर होतच नाही; मग लगेच १ वाढलं तरी उपयोग नाही. आणि ४० असताना ट्रिगर झाला, पण प्रतिस्पर्ध्याने उत्तरादाखल लाइटनिंग बोल्टने ३ डॅमेज केलं, तर लाइफ उरलं ३७ आणि विजय हुकला.

ऑब्लिव्हियन रिंगचा गाजलेला डाव

या कार्डावर दोन वेगळे ट्रिगर आहेत. रिंग मैदानात आली की दुसरं एक कार्ड खेळाबाहेर जातं, रिंग गेली की ते परत येतं. समजा, पहिल्या ट्रिगरने तुमच्या ड्रॅगनला लक्ष्य केलंय. तो ट्रिगर स्टॅकवर असतानाच तुम्ही घाईघाईने रिंग नष्ट केली, तर दुसरा ट्रिगर त्याच्यावर जाऊन बसतो आणि आधी पूर्ण होतो. अजून काही बाहेर गेलेलंच नाही, त्यामुळे परत काहीच येत नाही. मग पहिला ट्रिगर पूर्ण होतो आणि ड्रॅगन कायमचा जातो! म्हणून ड्रॅगन आधी जाऊ द्या, रिंग नंतर फोडा.

नंतर आलेल्या 'बॅनिशिंग लाइट'मध्ये ही पळवाट नाही. तिथे एकच अ‍ॅबिलिटी आहे: 'हे कार्ड मैदानात असेपर्यंत ते बाहेर'. परिणाम होण्याआधीच बॅनिशिंग लाइट नष्ट झालं, तर लक्ष्य जागचं हलतच नाही.

ट्रिगर विसरलात तर?

स्पर्धेत स्वतःचे ट्रिगर स्वतःच लक्षात ठेवायचे. प्रतिस्पर्ध्यावर आठवण करून देण्याचं बंधन नसतं. मात्र स्वतःला तोट्याचा ट्रिगर मुद्दाम 'विसरणं' ही फसवणूक मानली जाते.

थोडक्यात, वाद झाला की तीन प्रश्न विचारा: घटना घडली का? ट्रिगर स्टॅकवर गेला का? त्याचा परिणाम झाला का? पहिल्याचं उत्तर 'हो' असेल, तर मूळ कार्ड नष्ट करून तो ट्रिगर थांबत नाही.