पर्ल भाषेतील संदर्भपरीक्षा

१९९४ साली पर्ल ५ मध्ये संदर्भ व वस्तू ही दोन्ही एकदमच आली, आणि त्यांची ओळख पटविण्याचा भार एकट्या ‘रेफ’वर पडला. साध्या संदर्भाविषयी तो ‘ॲरे’, ‘हॅश’ असा प्रकार सांगे. तोच संदर्भ ‘ब्लेस’ करून वर्गास जोडला की मात्र वर्गाचे नाव सांगे. घडण आणि कुळ यांची ही गल्लत होय. घडणीची खात्री व्हावी म्हणून पुष्कळांनी ‘युनिव्हर्सल’मधील ‘इझ-ए’ थेट वापरले. त्यात वर्गाने स्वतः लिहिलेले ‘इझ-ए’ डावलले जाई. २००२ च्या ५.८ आवृत्तीत ‘रेफटाइप’ व ‘ब्लेस्ड’ मूळ वितरणात आली आणि दोन प्रश्न वेगळे झाले. तथापि आतून हॅश असून ओव्हरलोडिंगमुळे ॲरेप्रमाणे वागणारी वस्तू ‘रेफटाइप’ला हॅशच दिसते. तेथे ‘स्ट्रिक्ट’ चालू ठेवून ‘इव्हॅल’मध्ये संदर्भ उलगडून पाहणे हेच अधिक प्रामाणिक.