सीमाशुल्क वर्गीकरण

आंतरराष्ट्रीय व्यापारातील प्रत्येक वस्तूचे सीमाशुल्क अनुसूचीतील नेमके स्थान ठरविण्याच्या प्रक्रियेस सीमाशुल्क वर्गीकरण म्हणतात. या स्थानाचा अंकी संकेतांक व्यापारी व्यवहारात ‘एचएस कोड’ किंवा ‘एचएसएन’ या नावाने ओळखला जातो. आयातशुल्काचा दर, व्यापार करारांतील सवलती, आयात-निर्यातीवरील निर्बंध आणि व्यापाराची आकडेवारी या सर्वांचा आधार हाच संकेतांक असतो.

उगम : पूर्वी प्रत्येक देशाची जकातीची यादी वेगळी असे. समान यादीचा प्रयत्न राष्ट्रसंघाच्या काळात जिनिव्हात सुरू झाला आणि १९५० च्या ब्रुसेल्स कराराने तो पुढे नेला. सध्याची ‘हार्मोनाइज्ड सिस्टीम’ (एचएस) १९८३ च्या करारातून सिद्ध झाली व १ जानेवारी १९८८ पासून अमलात आली. ब्रुसेल्स येथील जागतिक सीमाशुल्क संघटना तिची देखभाल करते आणि साधारणपणे दर पाच-सहा वर्षांनी तिच्यात सुधारणा करते. भारताने सीमाशुल्क दर अधिनियम, १९७५ ची अनुसूची १९८६ मध्ये या प्रणालीनुसार बेतली.

रचना : प्रणालीत २१ विभाग व ९७ प्रकरणे आहेत, त्यांपैकी ७७ वे प्रकरण भविष्यासाठी मोकळे ठेवले आहे. संकेतांकाचे पहिले दोन अंक प्रकरण, पहिले चार शीर्ष आणि सहा अंक उपशीर्ष दर्शवितात. सहा अंकांपर्यंत प्रणाली जगभर समान असते. पुढचे अंक प्रत्येक देश आपल्या गरजेनुसार जोडतो. भारतात एकूण आठ अंक वापरतात.

कोकण व गोव्यातील काजूवरून ही रचना स्पष्ट होते. सालासकट काजू बी ०८०१ ३१ मध्ये, तर सोललेला गर ०८०१ ३२ मध्ये येतो. त्यापुढच्या भारतीय अंकांत तुकडा काजू (०८०१ ३२ १०) आणि अख्खा काजू (०८०१ ३२ २०) वेगळे होतात. तोच गर भाजून खारवला की तो तयार खाद्यपदार्थांच्या २० व्या प्रकरणात, शीर्ष २००८ मध्ये जातो. टरफलाचे तेल शीर्ष १३०२ मध्ये आणि बोंडूच्या रसापासून गाळलेली फेणी शीर्ष २२०८ मध्ये पडते. साधारणपणे कच्चा माल सुरुवातीच्या प्रकरणांत आणि प्रक्रिया वाढत जाईल तसा पुढच्या प्रकरणांत, असा प्रणालीचा क्रम आहे.

अर्थनिर्णयाचे नियम : वर्गीकरणासाठी सहा सामान्य नियम असून ते क्रमानेच लावावे लागतात. पहिला नियम सर्वांत महत्त्वाचा आहे. विभाग व प्रकरणांची नावे केवळ सोयीसाठी असतात. निर्णय शीर्षातील शब्द आणि विभाग-प्रकरणांच्या टिपा यांवरून होतो. बहुतेक वस्तूंचे स्थान येथेच निश्चित होते. दुसऱ्या नियमानुसार अपूर्ण किंवा सुटी केलेली वस्तू, तिचे मूळ स्वरूप कायम असेल तर, पूर्ण वस्तूच मानली जाते. सुटे भाग जुळवायचे बाकी असलेली सायकल सायकलच ठरते. एक वस्तू दोन शीर्षांत बसत असल्यास तिसरा नियम लागतो : आधी अधिक नेमके वर्णन, मग मिश्र वस्तूला तिचे मूळ स्वरूप देणारा घटक, आणि तेही जमले नाही तर अंकक्रमाने शेवटचे शीर्ष. चौथा नियम कोठेच न बसणाऱ्या वस्तूला तिच्याशी सर्वाधिक साम्य असलेल्या वस्तूच्या शीर्षात नेतो. पाचवा वेष्टनांविषयी आहे. मिरजेची सतार तिच्या खास पेटीतून पाठविली, तर पेटीही सतारीच्या शीर्षात (९२०२) जाते. नुसती पेटी मात्र ४२०२ मध्ये. सहावा नियम हेच तत्त्व उपशीर्षांना लावतो.

वाद : अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८९३ मध्ये ‘निक्स विरुद्ध हेडन’ खटल्यात टोमॅटोला जकातीपुरते भाजी ठरविले. वनस्पतिशास्त्रात टोमॅटो फळ असले, तरी त्या वेळच्या कायद्यातील शब्दांचा व्यवहारातील अर्थ न्यायालयाने ग्राह्य धरला. भारतात खोबरेल तेल खाद्यतेल (१५१३) की केशप्रसाधन (३३०५), हा उत्पादनशुल्कातील वाद दीर्घकाळ चालला; त्या शुल्काची अनुसूचीही एचएसवर आधारलेली होती. केवळ लहान बाटलीत भरले म्हणून शुद्ध खोबरेल केसांचे तेल ठरत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये दिला.

भारतातील कार्यपद्धती : २०११ पासून स्वयंनिर्धारण लागू असल्यामुळे बिल ऑफ एंट्रीत (आयात मालाच्या घोषणापत्रात) योग्य संकेतांक लिहिण्याची जबाबदारी आयातदारावर असते. त्यासाठी वस्तूचे घटक, त्यांचे प्रमाण, प्रक्रिया व उपयोग यांची माहिती लागते. रसायने व कापड यांचे नमुने अनेकदा प्रयोगशाळेत तपासले जातात. संकेतांक चुकून शुल्क कमी भरले गेल्यास ते सर्वसाधारणपणे दोन वर्षांपर्यंत, आणि हेतुपूर्वक खोटी माहिती दिली असल्यास पाच वर्षांपर्यंत, व्याजासह वसूल करता येते. त्याखेरीज दंड होऊ शकतो व माल जप्तही होऊ शकतो. शंका असल्यास मुंबई किंवा दिल्ली येथील सीमाशुल्क अग्रिम निर्णय प्राधिकरणाकडे आधीच विचारणा करता येते. त्याचा निर्णय अर्जदार व सीमाशुल्क अधिकारी या दोघांवर बंधनकारक असतो.