स्वस्त विमा आणि १९७१ चा सोमवार

आजचा विषय ऐकायला अगदीच रुक्ष आहे: गाडीचा विमा. पण जरा दम धरा, यात एक ठग आहे, एक दिवाळं आहे, आणि शेवटी आपल्या खिशाचा प्रश्नही आहे.

१ मार्च १९७१. सोमवार. ब्रिटनमध्ये पौंड-शिलिंगचा जुना हिशोब जाऊन दशमान चलन आलं त्याला जेमतेम दोन आठवडे झाले होते. लोक अजून सुट्टे पैसे मोजताना गोंधळत होते, आणि त्यात बातमी आली की 'व्हेइकल अँड जनरल' ही विमा कंपनी बुडाली. तिच्याकडे ८ ते १० लाख गाडीवाल्यांचा विमा होता. म्हणजे देशातल्या साधारण दर दहा गाडीवाल्यांपैकी एकजण त्या दिवशी कायद्यानं रस्त्यावर गाडी काढू शकत नव्हता! १९३० च्या कायद्यानं तिथं थर्ड पार्टी विमा सक्तीचा होता. भरलेला हप्ता गेला, आणि ऑफिसला गाडीनं जायचं तर आधी दुसरीकडे नवा हप्ता भरा.

आता ही कंपनी म्हणजे कुठल्या गल्लीतली टपरी नव्हती. विमा कंपन्यांच्या प्रतिष्ठित संघटनेची ती सभासद होती, आणि लोक त्या सभासदत्वाकडे भरवशाचा शिक्का म्हणून बघायचे. तिची जाहीर भूमिकाही पटण्यासारखी होती: जपून गाडी चालवणाऱ्यानं बेफाम चालवणाऱ्याचा भुर्दंड का भरावा? चांगल्या ड्रायव्हरला कमी दर, घसघशीत नो क्लेम सवलत. तुम्ही-आम्ही असतो तर आपणही तिथेच गेलो असतो.

आणि गंमत म्हणजे लोकांना याआधी पाच वर्षांपूर्वीच एक ठेच लागलेली होती. त्या गोष्टीचा नायक (की खलनायक?) एमिल सवुंद्रा, जन्म १९२३, सिलोनचा. बेल्जियममध्ये एका बँकेला तांदळाच्या व्यवहारात फसवल्याबद्दल १९५० च्या दशकात शिक्षा झालेला माणूस. यानं १९६३ साली लंडनमध्ये 'फायर, ऑटो अँड मरीन' नावाची विमा कंपनी काढली. त्या काळी विमा कंपनी काढायला ५० हजार पौंडांचं भांडवल दाखवलं की पुरत असे. बड्या कंपन्यांनी आपसात ठरवलेलं एक दरपत्रक होतं. सवुंद्रा त्या दरपत्रकाच्या बाहेर राहिला आणि त्यानं दर सरळ पाडले. ग्राहकांची रांग लागली. जुलै १९६६ मध्ये कंपनी कोसळली तेव्हा सुमारे ४ लाख गाडीवाले उघड्यावर आले. कंपनीच्या ताळेबंदात दाखवलेले सरकारी रोखे चक्क बनावट निघाले. फेब्रुवारी १९६७ मध्ये डेव्हिड फ्रॉस्टनं टीव्हीवर त्याची जाहीर हजेरी घेतली, आणि १९६८ मध्ये त्याला ८ वर्षांची शिक्षा झाली.

मग ४ लाख लोक पोळलेले असताना पाच वर्षांत पुन्हा तेच कसं झालं? लोक मूर्ख होते म्हणून? मला नाही तसं वाटत. गोम विम्याच्या धंद्यातच आहे.

बघा, आपण सॉफ्टवेअर विकतो तेव्हा खर्च आधी होतो आणि पैसे नंतर येतात (कधीकधी फारच नंतर!). विम्यात नेमकं उलटं. पैसे आज येतात, खर्च उद्या. डेंट-पेंटचे क्लेम लवकर निकाली लागतात, पण अपघातात कुणी जायबंदी झालं तर कोर्टकचेरीत वर्षं जातात. त्यामुळे एखाद्या कंपनीनं दर परवडणार नाहीत इतके खाली आणले, तरी पहिली काही वर्षं तिजोरी भरलेलीच दिसते. गिऱ्हाईक वाढतंय, नवे हप्ते येतायत, त्यातून जुने क्लेम भागवले जातायत. वाढ थांबली, की खरा हिशोब समोर येतो. बाहेरून बघणाऱ्याला हुशारीनं स्वस्त असलेली कंपनी आणि आंधळेपणानं स्वस्त असलेली कंपनी बरीच वर्षं सारखीच दिसते. सवुंद्रा लबाड होता. व्हेइकल अँड जनरलच्या बाबतीत मूळ दुखणं होतं अपुरे दर आणि भरमसाट वाढ. ग्राहकाच्या दृष्टीनं शेवट एकच.

या पडझडीनंतर नियम आले. १९६७ च्या कंपनी कायद्यानं लागणारं किमान भांडवल दुप्पट केलं. १९७२ च्या चौकशी अहवालानं व्यापार खात्यातल्या अधिकाऱ्यावर निष्काळजीपणाचा ठपका ठेवला. आणि १९७५ मध्ये पॉलिसीधारकांच्या संरक्षणाचा कायदा झाला: कंपनी बुडाली तर सक्तीच्या विम्याचे पूर्ण पैसे आणि बाकीच्या विम्याचे ९० टक्के मिळण्याची तरतूद.

आपल्याकडे काय चाललं होतं? आपण अगदी वेगळ्या वाटेनं गेलो. १९७२ च्या कायद्यानं सर्वसाधारण विम्याचं राष्ट्रीयीकरण झालं, आणि १ जानेवारी १९७३ पासून १०७ विमा कंपन्यांची मोट बांधून चार सरकारी कंपन्या झाल्या: मुंबईची न्यू इंडिया, कोलकात्याची नॅशनल, दिल्लीची ओरिएंटल आणि चेन्नईची युनायटेड इंडिया. दर ठरलेले. आपल्या बाबांच्या पिढीला 'स्वस्त कंपनीकडे जाऊ का?' हा प्रश्नच पडला नाही, कारण स्वस्त कंपनी नावाची चीज नव्हती. विमा काढायचा तो ओळखीच्या एजंटकाकांकडून, आणि काका सांगतील तिथे सही करायची.

२००० साली खाजगी कंपन्या आल्या, पण मोटार विम्याचे दर बांधलेलेच राहिले. ते सुटले १ जानेवारी २००७ ला, आणि तेही अर्धेच. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दर कंपनीनं ठरवायचा, थर्ड पार्टीचा मात्र नियामकानं. २०२२ पासून थर्ड पार्टीचे दर केंद्र सरकारचं रस्ते वाहतूक मंत्रालय जाहीर करतं. त्या वर्षीच्या अधिसूचनेत १००० ते १५०० सीसीच्या खाजगी गाडीला ३,४१६ रुपये होते, मग कंपनी कुठलीही असो. म्हणजे कोर्टात वर्षानुवर्षं चालणारा, ब्रिटनमध्ये कंपन्यांना गोत्यात आणणारा जो भाग, त्यात आपल्याकडे दर पाडून गिऱ्हाईक ओढताच येत नाही. शिवाय कंपनीकडे देण्यांच्या मानानं किती जादा पैसा आहे हे दाखवणारं सॉल्व्हन्सीचं प्रमाण किमान दीडपट हवं, असा नियामकाचा दंडक आहे. हे प्रमाण प्रत्येक कंपनीला दर तिमाहीला जाहीर करावं लागतं.

आता आपल्या खिशाकडे. समजा रिन्यूअलला जुनी कंपनी १४,२०० मागतेय आणि दुसरी म्हणतेय १०,९००. ऑफिसातला मित्र म्हणणार, "अरे, विचार कसला करतोस, ३,३०० वाचतायत!" पण १९७१ चा धडा 'स्वस्त घेऊ नका' असा नाही. धडा आहे, 'स्वस्त का आहे ते विचारा'. थर्ड पार्टी तर दोन्हीकडे सारखंच. म्हणजे फरक उरलेल्या भागातच कुठेतरी आहे. बघायच्या जागा या:

गाडीची विमा किंमत (आयडीव्ही) कमी धरली आहे का? गाडी चोरीला गेली किंवा चक्काचूर झाली तर तेवढेच हातात येणार.

झिरो डेप गुपचूप गळलंय का? ते नसेल तर प्लास्टिक आणि रबरच्या भागांचे निम्मे पैसे आपल्या खिशातून जातात. आणि हल्लीच्या बंपरमध्ये प्लास्टिकशिवाय असतं काय?

क्लेममधला पहिला वाटा आपण उचलायचा, ती रक्कम वाढवली आहे का?

नेहमीचं गॅरेज त्यांच्या कॅशलेस यादीत आहे का?

हे चारही सारखे करून दर पुन्हा मागवा. बऱ्याचदा ३,३०० चे १,२०० होतात. जो फरक तरीही उरतो, तो मात्र खरा: एजंटचं कमिशन नाही, कामकाज आटोपशीर, किंवा नवं गिऱ्हाईक हवंय. मग सॉल्व्हन्सी बघा. दीडपटीच्या बरीच वर असेल तर खुशाल जा. काठावर असेल आणि दर तिमाहीला घसरत असेल, तर १,२०० रुपयांसाठी ती झोप विकत घालवू नका.

एक भीती मात्र बिनबुडाची आहे: कंपनी बदलली की नो क्लेम बोनस जातो. तो जात नाही. पहिल्या वर्षाला २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि ५० पर्यंत चढणारी ही सवलत मालकाची असते, नव्या कंपनीतही ती आपल्याबरोबर येते. जाते ती पॉलिसी संपून ९० दिवस उलटले तर. आणि मागच्या वर्षीचा क्लेम लपवून ती मागितली, तर पुढचा क्लेमच अडकतो.

माझ्यापुरतं मी ठरवलंय. आयडीव्ही आणि झिरो डेप सारखं करून नव्या कंपनीचा दर परत मागवलाय. हजाराच्या वर फरक उरला आणि सॉल्व्हन्सी धडधाकट असली तर बदलणार, नाहीतर आहे तिथेच. आणि हो, जुनी पॉलिसी संपायच्या आत. एक दिवसही विम्याशिवाय गाडी रस्त्यावर नको, ब्रिटनमधल्या त्या लाखो लोकांवर तशी वेळ त्यांचा काही दोष नसताना आली होती.